पडला तो चोर

दिवाळीचा अंक हाती घेऊन बसलेल्या वाचकापुढे मोडलेल्या हाडांचा विषय कोणी आणावा? फराळाच्या ताटात कारल्याची भाजी वाढावी तसा हा प्रकार वाटेल. पण नरकचतुर्दशीला तुळशीपाशी कारीट फोडायचे, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मगच फराळाला बसायचे, अशी आपल्याकडे जुनी चाल आहे. या लेखाचा कडूपणा वाचकांनी त्याच रीतीने जिभेच्या टोकाला लावून घ्यावा आणि मग खुशाल करंजीकडे वळावे.

‘सापडला तो चोर’ ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. २०२० सालच्या टाळेबंदीत आपल्या समाजाने तिला एक जोडीदारीण मिळवून दिली : पडला तो चोर. घराबाहेर पडला तो नव्हे, बरे का! बाहेर तर पुष्कळ जण पडत होते. बाहेर पडून जो धडपडला, ज्याचे हाड मोडले, ज्याला चौघांनी उचलून आणावे लागले, तो चोर. बाकीचे सारे साव. ही नवी म्हण अन्यायाची आहे आणि तिच्यामुळे कोणाचाही जीव वाचला नाही, एवढेच मला येथे सांगायचे आहे.

टाळेबंदी हा शब्द गिरणगावाला जुना. मालकाने गिरणीच्या फाटकाला ठोकलेले कुलूप म्हणजे टाळेबंदी. २५ मार्च २०२० पासून ते कुलूप साऱ्या देशाला लागले. साथ भयंकर होती, कुलूप लावण्यास कारण होते, आणि ते मोडणारा माणूस इतरांनाही धोक्यात घालीत होता, याबद्दल माझा वाद नाही. डॉक्टर थकले होते, इस्पितळांत खाटा अपुऱ्या पडत होत्या. अशा वेळी केवळ हौसेखातर डोंगरउतारावर सायकल पिटाळणे शहाणपणाचे नव्हते, हे शाळकरी पोरालाही समजते. माझा वाद त्याच्या पुढच्या पायरीशी आहे.

बदलापूरच्या भोवतालचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. एकीकडे बारवी धरणाचा रस्ता, दुसरीकडे कोंडेश्वरची वाट, पलीकडे चंदेरीच्या पायथ्याची चिंचवली. जाड टायरांची डोंगरी सायकल बाळगणाऱ्याला मोह पडावा अशीच ही भूमी आहे. आणि धोकाही तिथेच आहे. उतारावर सुटा मुरूम असतो. पावसाला लागले की कातळावर शेवाळ धरते. घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक जागच्या जागी अडते आणि स्वार हॅन्डलवरून पुढे फेकला जातो. तो पडतो हात पुढे करून. मनगट तरी जाते, नाहीतर खांद्याचे हाड. यात पाप-पुण्य काही नाही. वेग, उतार आणि घर्षण यांचे हे गणित आहे. ते टाळेबंदीत निराळे नव्हते आणि आजही निराळे नाही.

पण टाळेबंदीत असा कोणी पडला, की त्याच्या हाडाआधी त्याची वर्तणूक तपासली जाई. ‘गेलाच कशाला होता?’ ‘बरे झाले, आता कळेल!’ ‘असल्यांना दवाखान्यात घेताच कामा नये.’ ही वाक्ये त्या दिवसांत ज्याच्या कानी पडली नाहीत असा वाचक विरळा. पूर्वी गावाला एक चावडी असे. त्या वर्षी घरोघर, हातातल्या मोबाइलवर चावडी भरू लागली. पंच अगणित, साक्षीदार कोणी नाही आणि आरोपी बेशुद्ध!

या पंचांना पहिला प्रश्न असा, की गुन्हा नेमका कोणता? ३ जून २०२० पासून महाराष्ट्र सरकारने प्रतिबंधित क्षेत्रे वगळून इतरत्र पहाटे पाच ते सायंकाळी सात या वेळात मोकळ्यावर चालणे, धावणे, सायकल चालविणे यांना मुभा दिली. नुसती मुभाच नव्हे. सायकलीवर माणसामाणसांत अंतर आपोआप राहते, म्हणून लोकांनी तिचा व्यायाम करावा, असे उत्तेजनही त्या आदेशात होते. मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत देशात ४१ लाखांवर सायकली विकल्या गेल्या, असे सायकल उत्पादकांच्या अखिल भारतीय संघटनेने सांगितले. म्हणजे जी गोष्ट मे महिन्यात बेकायदा, ती जूनमध्ये सरकारमान्य! परदेशातही तीच तऱ्हा. ब्रिटनमध्ये त्या मार्चपासून दिवसातून एकदा सायकलीवर व्यायामाला जाण्याची परवानगी होती. खाडी ओलांडून फ्रान्समध्ये आलात, की व्यायाम घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि एका तासात उरकायचा. सरकारांनी परिस्थिती पाहून नियम बदलावेत हे योग्यच आहे. पण आमच्या पंचांनी नियमाचा कागद वाचला होता कुठे? त्यांना तारीख ठाऊक नव्हती, वेळ ठाऊक नव्हती. त्यांना एकच पुरावा ठाऊक होता : तो पडला.

दुसरा प्रश्न शिक्षेचा. टाळेबंदी चालली ती १८९७ च्या साथरोग कायद्याच्या आधारावर. मुंबईच्या प्लेगमध्ये जन्मलेला तो कायदा. तो मोडणाऱ्यावर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली खटला होई. त्या कलमातली जबर शिक्षा किती? फार तर सहा महिने कैद, एक हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढे २०२२ मध्ये राज्य सरकारने टाळेबंदीतले हे खटले मागे घेण्याचे ठरविले. ज्या सरकारने नियम केला त्याने माफ केले. पण लोकांनी दिलेल्या शिक्षेला मुदत नाही आणि अपीलही नाही. हजार रुपये भरून सुटता येते. ‘साथीच्या दिवसांत डोंगरात कडमडला होता तोच ना हा?’ या वाक्यातून सुटता येत नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याच मे महिन्यात दरभंग्याची पंधरा वर्षांची एक मुलगी जखमी बापाला सायकलीवर मागे बसवून गुरुग्रामहून सुमारे १२०० किलोमीटर दूर आपल्या गावी पोचली. देशाने तिला डोक्यावर घेतले. सायकल महासंघाने चाचणीसाठी बोलावणे धाडले, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या कन्येने कौतुक केले. कौतुक यथायोग्यच होते. पण क्षणभर कल्पना करा, की एखाद्या रात्री मालमोटारीने त्या सायकलीला उडविले असते. हीच जीभ काय बोलली असती? ‘कसला बाप! पोरीला असे रस्त्यावर आणतात?’

कल्पना करायला नको, कारण दुसरे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले. ८ मे २०२० च्या पहाटे, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, रुळांवर झोपी गेलेल्या १६ मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेली ही माणसे. तेथून मध्य प्रदेशातील आपल्या घरी नेणारी गाडी मिळेल अशी त्यांची आशा होती. चालून चालून पाय मोडले, गाड्या बंद आहेत असे समजून ती तिथेच आडवी झाली. शिदोरीच्या पोळ्या रुळांवर विखुरल्या. त्या पोळ्यांची छायाचित्रे अजून ताजी होती, तोच लोक विचारू लागले, ‘रुळांवर कोणी झोपते का?’ आठवड्याने सर्वोच्च न्यायालयातही, रुळांवर कोणी झोपलेच तर ते थांबवायचे कसे, अशा अर्थाचे उद्गार निघाले. त्या १६ जणांचा आणि दरभंग्याच्या मुलीचा हेतू एकच होता : घर. साहस एकच होते. फरक एवढाच, की ती पोचली आणि हे पोचले नाहीत. पोचेल त्याचा पराक्रम आणि पडेल त्याचा अपराध, हा जिथे निकष, तिथे न्याय कुठला? तो तर जुगाराचा हिशेब झाला.

आता यावर काही सुज्ञ लोक दोन आक्षेप घेतील, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत.

पहिला असा, की मजूर पोटासाठी निघाला आणि डोंगरी सायकलवाला हौसेसाठी. दोघांना एका तागडीत तोलू नका. मी तोलत नाही. घराबाहेर पाऊल टाकण्याच्या क्षणी या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हौसेने निघालेल्याला त्या क्षणी अडवा, सुनवा, दंड करा. पण मोडलेले हाड हौसेचे आणि पोटाचे असे दोन जातींचे नसते. शिवाय गरिबाची गरज आणि श्रीमंताची चैन यांची निवड करण्यात हे पंच मोठे काटेकोर होते म्हणावे, तर करमाडची गोष्ट आताच सांगितली. एकदा निवाड्याची चटक लागली, की ती जीभ सायकलवाल्यापाशी थांबत नाही. तिने आजाऱ्याला गाठले; लोक साथीपेक्षा शेजाऱ्यांना भिऊन आजार लपवू लागले. तिने डॉक्टर-परिचारिकांना गाठले. भाड्याच्या घरांतून त्यांना बाहेर काढू पाहणारे घरमालक निघाले, आणि २२ एप्रिल २०२० रोजी त्याच १८९७ च्या कायद्यात वटहुकुमाने दुरुस्ती करून त्यांना संरक्षण द्यावे लागले.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. पडणाऱ्याला वाचवायला जो जातो त्याच्या जिवाचे काय? फेब्रुवारी २०२१ मध्ये इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात निर्बंध मोडून डोंगरात तंबू ठोकणाऱ्या दोघांपैकी एकाच्या छातीत दुखू लागले. त्याच्या मदतीला निघालेला साठीचा स्वयंसेवक अंधारात सुमारे दीडशे मीटर खाली कोसळला आणि त्याच्या मणक्याला कायमची इजा झाली. तंबूवाल्या दोघांना प्रत्येकी दोनशे पौंड दंड झाला. हे वाचून कोणाचेही रक्त तापेल. दंड थोडा झाला असे म्हणणाऱ्याशी मी भांडणार नाही. पण नीट पाहा : तो स्वयंसेवक निघाला तेव्हा त्याने ‘तू नियम पाळलास का?’ असे विचारले नव्हते. तसे विचारून निघणारा माणूस बचावकार्यात टिकतच नाही. त्याच्या त्यागाचे नाव घेऊन आपण त्याच्याच रीतीच्या उलट वागावे, हा त्याचा सन्मान नव्हे.

आपल्या घरातली साधी गोष्ट घ्या. पोर अंगणात पडून गुडघा फोडून घेते. आई धावत येते, आधी पाठीत एक धपाटा घालते आणि लगेच जखमेवर हळद दाबते. त्या धपाट्याचा राग पोराला येत नाही, कारण हळदही त्याच हाताची असते. धपाटा घालण्याचा हक्क हळद लावणाऱ्याला. टाळेबंदीत धपाटे घालणारे हात लाखो होते. हळद लावणारे मात्र मोजके, आणि त्यांना बोलायला सवड नव्हती.

याहून चांगले वागणे आपल्याला अशक्य आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान चामटोली नावाचे गाव आहे. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात या गावाजवळ अडकली. चहूकडे पाणी, डब्यांत अंधार, आणि आत हजारावर माणसे. त्यांत गरोदर बायकासुद्धा. सकाळी गावकरी मदतीला आले. राष्ट्रीय आपत्ती दलाच्या होड्या आल्या, नौदल आले, हवाई दलाची हेलिकॉप्टरे आली. २७ तारखेच्या दुपारपर्यंत सुमारे १०५० प्रवासी सुखरूप बाहेर निघाले.

तारीख पाहिलीत? २६ जुलै. याच तारखेला २००५ साली सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता. मुंबईच्या पोराबाळांना ती पाठ आहे. एखाद्या पंचाला वाटले असते तर तो विचारू शकला असता : ‘त्या तारखेला, भर पावसात, गरोदर बाईला घेऊन निघालातच कशाला?’ चामटोलीच्या पाण्यात उभ्या असलेल्या माणसांनी ते विचारले नाही. त्यांना ते सुचलेही नसेल, कारण समोर हात पुढे केलेला माणूस होता. आठ महिन्यांनी साथ आली आणि तोच समाज, त्याच नदीच्या काठी, पडलेल्याची उलटतपासणी करू लागला. भीतीने माणूस कठोर होतो हे खरे. पण भीती चामटोलीच्या पुरालाही होतीच.

त्याहून मागे जा. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून दवाखान्यात नेले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीच्या काळात माणसाने माणसाला शिवू नये हा नियम त्यांना ठाऊक नव्हता असे नाही. पण त्या मुलाला कोणी बाहेर सोडले होते, याची चौकशी करीत त्या थांबल्या नाहीत.

पुन्हा साथ येईल, पुन्हा कुलपे लागतील. ती पाळा, आणि न पाळणाऱ्याला दारातच अडवा. आणि साथ नसली तरी पुढच्या पावसाळ्यात कोंडेश्वरच्या वाटेवर कोणीतरी घसरणारच आहे. त्याच्याजवळ आधी पोचणारा माणूस तुम्ही-आम्हीच असू. त्या वेळी पोलिसाचे काम पोलिसावर आणि दंडाचे काम न्यायालयावर सोपवावे. आपण वाकून एवढेच विचारावे, ‘फार लागले का हो?’ आणि उत्तराची वाट न पाहता त्याच्या खांद्याखाली हात घालावा. मोडलेला खांदा सोडून, अर्थातच.