खुर्च्या वाचल्या, आता कागद वाचवूया

चंदीगडच्या सरकारी कचेऱ्यांतल्या त्या खुर्च्या आता जगभर ओळखल्या जातात. सागवानी लाकूड, वेताची विणलेली बैठक, कंपासासारखे फाकलेले पाय. पिएर जानरे या वास्तुकाराच्या देखरेखीखाली त्या घडल्या. सचिवालयात, उच्च न्यायालयात, पंजाब विद्यापीठात त्या वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. मग मोडल्या म्हणून गच्चीवर गेल्या आणि तिथून भंगाराच्या भावात लिलावात निघाल्या. परदेशातल्या लिलावांत त्यांना लाखांच्या बोली लागल्या, तेव्हा कुठे आपल्याला जाग आली. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने अशा वारसावस्तूंच्या विक्रीवर बंदी घातली. उशिरा का होईना, खुर्ची वाचली.

पण त्या खुर्च्यांवर बसून जे लिहिलं गेलं, त्याचं काय झालं?

देश चालवणाऱ्यांची भाषणं छापली जातात, पुतळे उभे राहतात, रस्त्यांना नावं मिळतात. निर्णय मात्र बहुतेक वेळा त्यांच्या शेजारच्या खोलीत आकार घेतो. तिथे बसतो सल्लागार, सचिव, स्वीय सहायक. तो टिपणं काढतो, मसुदे करतो, खोडतो, पुन्हा लिहितो. ‘हे केलं तर कोण नाराज होईल, न केलं तर काय बिघडेल’ हे त्याने कुठेतरी लिहून ठेवलेलं असतं. छापील राजपत्रात फक्त शेवट कळतो, आणि आपल्याला हवा असतो तो आधीचा सगळा प्रवास.

चंदीगडशी जोडलेलं असं एक मोठं नाव म्हणजे परमेश्वर नारायण हक्सर. 1967 ते 1973 या काळात ते पंतप्रधान इंदिरा गांधींचे सचिव आणि पुढे प्रधान सचिव होते. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, ते याच काळात. उत्तरायुष्यात त्यांनी चंदीगडच्या ‘क्रिड’ या ग्रामीण आणि औद्योगिक विकासावर संशोधन करणाऱ्या संस्थेचं अध्यक्षपद सांभाळलं. त्यांची टिपणं आणि पत्रव्यवहार दिल्लीच्या तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात पोचला. म्हणूनच जयराम रमेश यांना 2018 मध्ये त्यांच्यावर ‘इंटरट्वाइन्ड लाइव्ह्ज’ हे जाडजूड पुस्तक लिहिता आलं. कागद रद्दीत गेले असते, तर आपल्या हाती फक्त आठवणी आणि अफवा उरल्या असत्या.

राष्ट्रपतींच्या बाबतीतही तेच. डॉ. राजेंद्रप्रसादांचे स्वीय सचिव वाल्मीकी चौधरी यांनी त्यांचा पत्रव्यवहार जपला आणि संपादित केला. त्याचे वीसहून अधिक खंड निघाले. एका सहायकाने चिकाटी धरली आणि प्रजासत्ताकाची पहिली वर्षं आपल्याला वाचायला मिळाली.

अमेरिकेला हा धडा ठेच लागून मिळाला. तिथे राष्ट्राध्यक्षाचे कागद ही पूर्वी त्याची खासगी मालमत्ता मानली जायची. निक्सन पायउतार झाले आणि त्यांच्या ध्वनिफितींवरून वाद पेटला. 1978 मध्ये कायदा झाला : राष्ट्राध्यक्षाचे आणि त्याच्या सल्लागारांचे कामकाजाचे कागद जनतेचे. जिमी कार्टर यांचे अंतर्गत धोरणाचे मुख्य सल्लागार स्टुअर्ट आयझेनस्टॅट प्रत्येक बैठकीत पिवळ्या कागदाच्या पॅडवर भराभर लिहून घेत. अशी हजारो पानं साठली. त्यांच्या कार्यालयाच्या फायली अटलांटाच्या कार्टर ग्रंथालयात आहेत. महागाई, ऊर्जा, कर यांबद्दल त्या खोलीत कोण काय म्हणालं, ते आज कुणीही अभ्यासू शकतो.

आणि आपण? आपल्याकडेही कायदा आहे. 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्र सरकारला लागू आहे, तसाच केंद्रशासित प्रदेशांनाही. म्हणजे चंदीगड प्रशासनालाही. प्रत्येक कचेरीत अभिलेख अधिकारी नेमायचा, ठरल्या पद्धतीशिवाय एकही कागद नष्ट करायचा नाही, 1892 पूर्वीच्या कागदाला तर हातच लावायचा नाही. मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 2005 चा आहे. कागदावर सगळं चोख आहे. पण अभिलेख कक्षात छत गळतं, वाळवी लागते, आणि जागा करायची म्हणून घाईघाईत ‘निंदणीकरण’, म्हणजे जुने कागद निवडून नष्ट करणं, उरकलं जातं. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली, तेव्हा माणसं गेली आणि फायलींचे ढीगच्या ढीग राख झाले. त्यातल्या किती टिपणांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, या विचाराने आजही पोटात खड्डा पडतो.

चंदीगडचं दुखणं तर आणखी खोल आहे. या शहराने वयाची सत्तरी ओलांडली. पी. एल. वर्मा आणि पी. एन. थापर हे दोन अधिकारी 1950 मध्ये वास्तुकार शोधायला युरोपात गेले, तिथून पुढे सगळं घडलं. वास्तुकार ल कॉर्बुझिए यांचे आराखडे पॅरिसच्या त्यांच्या प्रतिष्ठानात आहेत, जानरेंचे कागद माँट्रियलच्या वास्तुकला केंद्रात. सेक्टर 19 मधल्या जुन्या वास्तुकार कार्यालयात आणि सेक्टर 10 च्या नगर संग्रहालयात काही ठेवा जपलेला आहे, त्याबद्दल त्या मंडळींचे आभारच मानायला हवेत. पण शहरासाठी जी गावं उठवली गेली, त्यांची मोजणी करणारा अव्वल कारकून? निविदांचा हिशेब ठेवणारा लेखापाल? मुख्य आयुक्तांची पत्रं टंकलिखित करणारा लघुलेखक? त्यांच्या वह्या कुठे आहेत? बहुधा कुठल्यातरी घरातल्या लोखंडी ट्रंकेत.

यात आपला, मराठी माणसांचाही धागा आहे. पुण्याचे काकासाहेब गाडगीळ 1958 ते 1962 पंजाबचे राज्यपाल होते. तेव्हा चंदीगड अजून बांधलं जात होतं, पंजाबी सुभ्याचं, म्हणजे पंजाबी भाषकांच्या वेगळ्या राज्याचं, आंदोलन पेटलेलं होतं. आणि त्याआधी केंद्रात मंत्री असताना भाक्रा-नांगलसारखं काम त्यांच्याच खात्याकडे होतं. राज्यपालांनी राष्ट्रपतींना दर पंधरवड्याला राज्याची हकीगत कळवायची, असा त्या काळचा शिरस्ता. काकासाहेब लिहिते होते, त्यांचं ‘गव्हर्नमेंट फ्रॉम इनसाइड’ त्यांच्या निधनानंतर 1968 मध्ये आलं. पण प्रत्येक काकासाहेबांमागे मसुदे करणारी, पत्रं जावक करणारी चार-पाच माणसं असतात. ती पुस्तकं लिहीत नाहीत. त्यांचे कागद त्यांच्याबरोबर संपतात.

अशी एखादी फाइल नीट पाहा. डाव्या बाजूला टिप्पणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. कांद्याच्या सालीसारखी पातळ कार्बन प्रत, अक्षरं जांभळट. समासात शिसपेन्सिलीने ‘बोलू’, त्याखाली दुसऱ्या हाताने ‘बोललो, मान्य नाही’. कोपऱ्यात गंजलेली टाचणी, तिचा तपकिरी डाग तीन पानं खाली उतरलेला. त्या ‘मान्य नाही’मध्ये एखाद्या गावाचं पाणी, एखाद्या शाळेची मंजुरी अडकलेली असते. मूळ सही कुणाची, आक्षेप कुणाचा, हे त्या एका पानावर कळतं. ते पान गेलं, की नातवंडांनी विचारलेल्या ‘असं का केलं?’ला उत्तर उरत नाही.

मग आपण काय करायचं? खूप काही करता येईल, आणि त्यातलं बरंचसं फुकट.

आपल्या घरात कुणी मंत्र्याचे, राज्यपालांचे, जिल्हाधिकाऱ्यांचे स्वीय सहायक होते का? नियोजन, वित्त, पाटबंधारे खात्यात कुणी आयुष्य घालवलं का? चंदीगडला, दिल्लीला, भोपाळला नोकरीनिमित्त गेलेले काका-मामा? त्यांची ट्रंक उघडूया. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी एकदा बसून पाहूया. गठ्ठ्यांचा क्रम मोडायचा नाही, कारण त्या माणसाने ज्या क्रमाने बांधलं तोच त्याचा हिशेब असतो. टाचण्या हलक्या हाताने काढायच्या. सेलोटेप आणि लॅमिनेशन अजिबात नको, त्याने कागद कायमचा मरतो. डायरी कुणाची, कुठल्या सालची, हे शिसपेन्सिलीने वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. मोबाइलवर फोटो काढले तरी मूळ कागद टाकायचा नाही.

सरकारी फाइल घरात सापडली तर घाबरू नका, लपवूही नका. ती ज्या कचेरीची, तिथल्या अभिलेख अधिकाऱ्याला लेखी कळवून परत करा. खासगी टिपणं, डायऱ्या, पत्रं मात्र आपली असतात, आणि ती दान करता येतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खासगी कागदपत्रांसाठी वेगळा विभाग आहे. महाराष्ट्रात पुराभिलेख संचालनालय आहे, पुण्याला पेशवे दप्तर आहे, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. काही कागद आत्ताच खुले करायला नको वाटत असतील, तर तशी अट घालून बोलणी करता येतात.

हयात असलेल्या निवृत्त माणसांशी बोला, हे मला सर्वांत तातडीचं वाटतं. मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा : साहेब रागावले की काय लिहायचे? फाइल अडायची कुठे? ती ऐंशीच्या पुढची पिढी आहे. त्यांना ऐकणारा कान हवा आहे, आणि आपल्याकडे वेळ फार थोडा आहे.

नोकरीत असलेल्यांनी आपला संगणकही विसरू नये. आजची टिप्पणी ई-ऑफिसात जाते, पण अर्धी चर्चा व्हॉट्सअॅपवर होते आणि फोन बदलला की पुसली जाते. महत्त्वाचं काही ठरलं, तर दोन ओळी फायलीवर आणा. आणि आपल्यापैकी कुणीही माहितीच्या अधिकारात एक साधा अर्ज टाकून विचारू शकतो : या कार्यालयाचा अभिलेख अधिकारी कोण, आणि मागल्या पाच वर्षांत काय काय नष्ट केलं त्याची यादी द्या. प्रश्न विचारला जातोय हे कळलं, की कपाटांची काळजी घेतली जाते.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांतले जुन्या कागदांचे रुमाल सोडवत होते, तेव्हा कुणी त्यांना फोन नंबर दिला नव्हता. आपल्याकडे फोन आहेत, स्कॅनर आहेत, गटागटांत शेकडो ओळखी आहेत. चंदीगड, दिल्ली, इंदूर, बडोद्याच्या मराठी बांधवांनो, आपापल्या गटात आज एवढाच निरोप टाका : ‘कुणाच्या घरी जुन्या सरकारी नोकरीतल्या वह्या, डायऱ्या, मसुदे आहेत का? टाकू नका. आधी सांगा.’ आलेल्या प्रत्येक होकाराची एका वहीत नोंद करा, नाव, गाव, साधारण साल. दिवाळीच्या आवराआवरीत सगळ्यांत जास्त कागद घराबाहेर पडतो, म्हणून ती वही त्याआधी तयार हवी.