गाजरावरील करपा आणि घरच्या बियाण्याची परीक्षा

संक्रांतीच्या सुगडात आणि भोगीच्या भाजीत गाजराला मानाचे स्थान आहे. शेतात मात्र त्याला दुय्यम पीक समजण्याची आपली रीत आहे. गव्हावरील तांबेऱ्याची जेवढी चिंता आपण वाहतो, तिच्या शतांशानेही गाजरावरील करप्याची वाहत नाही. या उपेक्षेचे कारण उघड आहे. गाजराचा विकला जाणारा भाग जमिनीत असतो आणि करपा येतो पानांवर. पाला वाळला तरी मूळ शाबूत आहे, असे म्हणून शेतकरी निश्चिंत राहतो. ही समजूत चुकीची असून तिच्यापायी दुहेरी नुकसान होते. मुळात साठणारे अन्न पानांतच तयार होते. पाने अकाली गेली की मूळ पोसत नाही. शिवाय आपल्याकडे गाजर पाला धरून उपटण्याची पद्धत आहे. करप्याने देठ कुजके झाले की पाला हातात येतो व गाजर जमिनीतच राहते. मग खणण्याची मजुरी अंगावर पडते आणि पाल्यासह बांधलेली जुडी बाजारात नेता येत नाही ती वेगळीच.

हा करपा अल्टरनेरिया डॉसी नावाच्या बुरशीमुळे होतो. पानांच्या कडांवर गर्द तपकिरी ते काळे ठिपके पडतात, ते एकमेकांत मिसळतात व पान भाजल्यासारखे दिसू लागते. रोगाचा आरंभ सामान्यतः खालच्या, जुन्या पानांवर होतो. सर्कोस्पोरा नावाच्या दुसऱ्या बुरशीचे ठिपके कोवळ्या पानांवरही लवकर दिसतात. ते गोलसर असून मध्यभागी फिकट असतात. पाने दीर्घकाळ ओली राहिली की दोन्ही रोग फोफावतात. म्हणूनच लवकर बाजार गाठण्यासाठी पाऊस असतानाच ऑगस्टमध्ये पेरलेल्या गाजरास त्यांचा उपद्रव अधिक होतो. करप्याची बुरशी बियाण्यावरून येते, तशीच शेतात राहिलेल्या रोगट पाल्यावरही टिकून राहते. तेव्हा पाला गाडणे, दोन-तीन वर्षे त्या जागी गाजर न घेणे आणि सायंकाळी तुषार पद्धतीने पाणी न देणे, हे उपाय प्रथम केलेच पाहिजेत.

परंतु कायमचा उपाय म्हणजे रोगास तोंड देणारी जात होय. येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. "साहेब, करपा मुळीच न येणारे बी द्या," अशी मागणी आमच्याकडे वारंवार होते. असे बी आज जगात कोठेही नाही. गाजरातील करप्याची प्रतिकारशक्ती एखाद्या जनुकावर अवलंबून नसून, थोडा थोडा हातभार लावणाऱ्या अनेक जनुकांची ती बेरीज आहे. २०१६ साली गाजराच्या संपूर्ण जनुकसंचाची मांडणी प्रसिद्ध झाली व त्यात सुमारे बत्तीस हजार जनुके आढळली. या ज्ञानाने पैदासकाराचे काम सुकर होईल. पण बेरीज जमवण्यास पिढ्यांमागून पिढ्या निवड करावी लागते, हे काही त्याने बदलत नाही. अशा जातीवर रोग येतो, परंतु सावकाश येतो आणि तोवर मूळ पोसून तयार होते. हा कमीपणा मानू नये. १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बाजरीच्या तेव्हाच्या नामांकित संकरित जाती गोसावी रोगास कशा बळी पडल्या, हे जुन्या शेतकऱ्यांस आठवत असेल. सर्वत्र एकाच रक्ताचे वाण पेरले म्हणजे असे संकट ओढवते. अनेक जनुकांवर उभी असलेली मर्यादित प्रतिकारशक्ती सहसा अशी एकाएकी ढासळत नाही.

अशी जात कशी तयार होते, याचे उत्तम उदाहरण ब्राझील देशाचे आहे. तेथील उष्ण व पावसाळी उन्हाळ्यात युरोपीय वाणाचे गाजर करप्याने टिकत नसे. तेथील शासकीय कृषी संशोधन संस्थेने, म्हणजे एम्ब्रापाने, १९८१ साली 'ब्राझीलिया' ही जात प्रसृत केली. उष्णता सोसणारी व करप्यास तोंड देणारी ही जात तेथील उन्हाळी गाजराचा आधार ठरली. तिचे मूळ बी कोणत्याही परदेशी प्रयोगशाळेतून आले नव्हते. त्या देशाच्या दक्षिण भागात शेतकऱ्यांनी स्वतः राखलेल्या स्थानिक गाजरांतूनच निवड करून ती तयार झाली.

हे उदाहरण मी देतो ते प्रायश्चित्ताच्या भावनेने. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका गावी एका वृद्ध शेतकरी बाईंनी मला गाडग्यात राखलेले गाजराचे बी दाखवले. "साहेब, हे माझ्या सासूच्या वेळचे बी आहे. पावसात पेरले तरी याचा पाला तग धरतो," असे त्या म्हणाल्या. पदवीच्या अभिमानात मी ते टाकून देण्याचा व बाजारातील पाकिटबंद बी घेण्याचा सल्ला दिला. त्यांनी माझा शब्द मानला. पुढील वर्षी नवे पीक पावसाळ्यात करपले, आणि परतण्यासाठी जुने बी उरले नव्हते. त्या बियात खरोखर काय गुण होता, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. ते बी मी तपासावयास हवे होते. मी ते पुसून टाकले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, घरचे बी टाकण्यापूर्वी त्याची रोगात परीक्षा घ्यावी. एखादा गुंठा क्षेत्र मुद्दाम ऑगस्टमध्ये पेरावे व तेवढ्या क्षेत्रावर बुरशीनाशक फवारू नये. औषध फवारल्यास सर्वच झाडे सारखी हिरवी दिसतात आणि कणखर झाड ओळखता येत नाही. निवड करताना दोन गोष्टींनी फसू नये. कडेची व विरळ जागेतील झाडे वाऱ्याने लवकर वाळतात म्हणून निरोगी दिसतात. यास्तव निवड दाट ओळींतून करावी. तसेच भरघोस पाला पण बारीक मूळ असलेले झाड घेऊ नये. पाला टिकलेला, मूळ सरळ व चांगल्या रंगाचे, अशी निदान शंभर-दोनशे गाजरे निवडावीत. गाजराचे परागीभवन कीटकांमुळे होते. थोड्याच झाडांवर बी धरल्यास वाण पुढे दुबळे होते. निवडलेल्या गाजरांचा पाला वर थोडे देठ ठेवून कापावा, शेंड्याकडील भाग छाटावा व ती पुन्हा लावावीत. देशी गाजरास आपल्याच हवामानात डेंगळे येऊन बी धरते. आसपास निदान एक किलोमीटरपर्यंत दुसरे गाजर फुलावर नसावे. तयार झालेले बी ५० अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात २० मिनिटे ठेवून लगेच गार करून सुकवावे. उष्णता वाढल्यास उगवण बिघडते, म्हणून थोड्या बियावर आधी प्रयोग करावा.

घरचे प्रत्येक बी रोगास तोंड देईलच, असे मी म्हणत नाही; पुष्कळसे परीक्षेत नापासही होईल. पण जे उतरेल त्याची किंमत मोठी आहे. अशा बियाची नोंद ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावी व नमुना कृषी विद्यापीठाकडे पोहोचवावा. २००१च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्यास आपल्या वाणाची स्वतःच्या नावे नोंदणी करता येते, हेही त्यास सांगावे.

गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे आपण थट्टेने म्हणतो. या प्रयोगास ती म्हण शब्दशः लागू पडते. वाण सरस निघाला तर बी हाती येईल. न निघाला तर गाजरे घरी खाता येतील, उरलेली गुरांस घालता येतील. नुकसान होईल ते बी न पारखताच फेकून दिल्याने.