वक्फ शोधायचा तर कोणत्या स्पेलिंगने?

माझी भाची मराठवाड्यात इतिहासात एम. ए. करते. लघुप्रबंधासाठी तिने विषय घेतला, 'महाराष्ट्रातील वक्फ : एक अभ्यास'. मार्गदर्शकांनी मान डोलावली. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, "मामू, ग्रंथालयाच्या डेटाबेसमध्ये कामाचं काहीच मिळत नाही. मिळतात ती हल्लीची भांडणं."

दोष डेटाबेसचा नव्हता. 'एक अभ्यास' हा विषयच नाही. मुस्लीम प्रश्नांवर आपल्याकडे असले विषय ढिगाने घेतले जातात. सच्चर समितीचा २००६ चा अहवाल पुढे ठेवायचा, हळहळायचं, झाला प्रबंध. मी विचारलं, तुला नेमकं काय जाणून घ्यायचंय? बराच वेळ गप्प राहून ती म्हणाली, "आपल्या गावच्या दर्ग्याची जमीन गेली कुठे?"

हा विषय. आम्ही त्याला कुंपण घातलं : एक तालुका आणि १९४८ साली निजामाचं राज्य संपल्यापासून १९९५ च्या वक्फ कायद्यापर्यंतचा काळ.

मग आले शब्द. यंत्राला अर्थ कळतोच असं नाही, ते बहुतेक वेळा अक्षरं जुळवतं. 'वक्फ' इंग्रजीत कधी 'के'ने लिहितात, कधी 'क्यू'ने. १९१३, १९२३ आणि १९५४ चे कायदे 'के'वाले. १९९५ चा कायदाही मुळात 'के'चाच, २०१३ च्या दुरुस्तीने त्यात 'क्यू' आणला. भाची फक्त 'क्यू' टाकत होती, म्हणून जुनं लिखाण तिला दिसतच नव्हतं. दोन्ही स्पेलिंगं मध्ये 'ऑर' घालून एका कंसात ठेवायची. दुसऱ्या कंसात मराठवाडा 'ऑर' हैदराबाद, कारण १९५६ पर्यंत हा भाग हैदराबाद राज्यात होता. दोन कंसांमध्ये 'अँड'. जिल्ह्यांची नावं तर आता जुनी-नवी दोन्ही टाकावी लागतात. उस्मानाबाद टाकलं नाही तर धाराशिवचा इतिहास अर्धाच सापडेल.

पण खरी गोम पुढे आहे. जुन्या कागदांत 'वक्फ' हा शब्द असेलच असं नाही. तिथे 'इनाम' असतं, 'खिदमतमाश' असतं, सनदेच्या जागी 'मुंतखब' असतो. हे शब्द भाचीला ग्रंथालयात मिळाले नाहीत, दर्ग्याच्या म्हाताऱ्या मुजावरांनी सांगितले. ते तिने इंग्रजीत आणि देवनागरीत, दोन्ही लिपींत टाकून पाहिले. शोधगंगेवर जमीनसुधारणांवरचे प्रबंध निघाले, ज्यांच्या शीर्षकात मुसलमानांचा उल्लेखही नाही. आपला इतिहास असा दुसऱ्याच नावाखाली पडून असतो आणि आपण सभांमधून 'आमच्यावर कोणी लिहीतच नाही' म्हणत राहतो.

सध्या तिची अडचण वेगळी आहे. मुंतखबांच्या नकला हाती आल्यात, पण त्या उर्दूत आहेत आणि तिचं शिक्षण मराठीतून झालंय. तिच्या नानीला, म्हणजे माझ्या अम्मीला, उर्दू येतं. मगरिबनंतर दोघी चष्मा आणि भिंग घेऊन बसतात. काल रात्री एक सर्वे नंबर लागला.