वाय-फायच्या रांगेत पहिला मान कुणाला?

साताऱ्याहून एक भगिनी लिहितात : “संध्याकाळी मी घरून गणिताच्या शिकवण्या घेते. ऐन तासाला चित्र गोठतं, आवाज तुटतो. दोन मुलांनी शिकवणी सोडली. मुलगा राउटरमधलं ‘क्यूओएस’ कधी चालू करतो, कधी बंद. नेमकं काय ठेवावं?”

भगिनी, क्यूओएसने इंटरनेट वाढत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? नळावरच्या रांगेत आधी कुणाची घागर, एवढंच ते ठरवतं. बहुतेक वेळा फोनमधले फोटो आपोआप वर चढत असतात आणि तुमचा आवाज त्यांच्यामागे अडकतो. म्हणून पुढीलप्रमाणे करून पाहावे :

१. राउटरमध्ये ‘डब्ल्यूएमएम’ असेल तर ते चालूच ठेवावे. आवाज, चित्र, साधे काम आणि मागे चालणारे काम अशा चार वर्गांत ते हवेतली वाहतूक लावते. ‘८०२.११ एन’ वा त्यापुढच्या राउटरवर ते बंद केले, तर वेग ५४ मेगाबिटपर्यंत खाली येतो.

२. घरातली बाकीची यंत्रे बंद करून, जमल्यास तार जोडून, वेग मोजावा. उतरता ४० आणि चढता १० भरला, तर क्यूओएसमध्ये ३६ आणि ९ लिहावे. थोडी जागा राखली म्हणजे रांग राउटरच्या ताब्यात राहते. पुढे जोडणी वाढवून घेतलीत तर हे आकडेही बदला, नाहीतर जुन्याच वेगावर अडकाल!

३. पहिला मान फक्त शिकवणीच्या लॅपटॉपला द्यावा. सगळ्यांनाच मान म्हणजे कुणालाच नाही.

जोडणी फार वेगवान असेल, तर क्यूओएसची तपासणी काही राउटरांना झेपत नाही आणि वेग उलट घटतो. तसे दिसले तर ते खुशाल बंद ठेवावे.

एक लक्षात असू द्या. भिंतीआड सिग्नलच पोचत नसेल, तर क्यूओएस काय करणार? राउटरच्या खोलीत बसा. २.४ गिगाहर्ट्‌झवर असाल तर मायक्रोवेव्ह ओव्हनही व्यत्यय आणतो. ५ गिगाहर्ट्‌झ वापरा.

सगळं झालं की मुलाला फोटो चढवायला सांगा आणि त्याच वेळी बहिणीशी व्हिडिओवर बोलून पाहा. आवाज अखंड आला, की निर्धास्तपणे तास घ्या. गेलेल्या मुलांच्या आयांनाही एकदा कळवा.