पातळ अ‍ॅल्युमिनियमचे वेल्डिंग : मशीन घेण्यापूर्वी विचार करा

नांदेड आणि लातूरच्या बाजारात लोखंड जोडणारे हात गल्लोगल्ली आहेत. पण मोटारसायकलच्या इंजिनाचे कव्हर तडकले, रेडिएटर गळू लागला किंवा अ‍ॅल्युमिनियमची टाकी फुटली, तर ती नीट जोडणारा कारागीर शोधावा लागतो. एक मिलिमीटरचा पत्रा भोक न पाडता जोडणारे फारच थोडे. म्हणजे काम आहे, मजुरीही चांगली आहे. कमी आहे ती हुन्नराची.

आम्ही कापडाचे व्यापारी. तरीही या विषयावर लिहितो, कारण मशीनसाठी भांडवल लागले की कारागिरांची मुले सल्ल्याला व्यापाऱ्यांकडेच येतात. त्यांची एकच फसगत आम्ही वारंवार पाहिली आहे. दुकानदार ‘टिग मशीन’ म्हणून स्वस्त इन्व्हर्टर गळ्यात बांधतो. ते निघते फक्त डीसीचे. त्यावर लोखंड आणि स्टेनलेस स्टील उत्तम जोडले जाते, पण अ‍ॅल्युमिनियम जमत नाही. मुलगा समजतो की आपल्याच हातात कसब नाही. वस्तुतः दोष हाताचा नसतो, खरेदीचा असतो.

कारण समजून घ्यावे. अ‍ॅल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सिअसला वितळते. मात्र त्याच्या अंगावर ऑक्साइडची जी बारीक साय असते ती वितळायला दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते. आतला धातू पाणी होतो आणि वरची साय तशीच राहते. एसी करंटमध्ये प्रवाहाची दिशा सतत उलटते. एका फेरीत सायीचा थर फुटतो, दुसऱ्या फेरीत धातूला उष्णता मिळते. म्हणून या कामाला एसी-डीसी दोन्ही असलेले मशीनच हवे.

आता फ्रीक्वेन्सी. म्हणजे एका सेकंदात हे चक्र किती वेळा पूर्ण होते तो आकडा. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला विजेच्या तारेतलाच ५० हर्ट्झ मिळतो, तो बदलता येत नाही. नव्या इन्व्हर्टरवर तो साधारण २०० हर्ट्झपर्यंत वाढवता येतो. आकडा वाढला की ज्योत अरुंद होते आणि उष्णता नेमक्या जागी पडते. पातळ पत्र्याला १०० ते १५० हर्ट्झ बरे पडतात. जाड ओतीव भागाला ६० ते ८० पुरतात. मलमलीला आणि ताडपत्रीला एकच सुई चालत नाही, तसेच हे आहे.

पण नुसते बटण फिरवून पत्रा वाचत नाही. आधी अँपिअर आवरावेत. एक मिलिमीटरला चाळीसच्या आसपास सुरुवात करावी. पत्रा तापत जाईल तसा करंट कमी करता यावा म्हणून पायाचे पेडल असल्यास उत्तम. साय फोडण्याचा भाग गरजेपेक्षा जास्त ठेवला तर टंगस्टनचे टोकच वितळते. गॅस शुद्ध आर्गॉनच हवा. कार्बन डायऑक्साइड मिसळलेले सिलिंडर येथे चालणार नाही. तेल-ग्रीस पुसून, वेगळ्या ठेवलेल्या स्टेनलेस ब्रशने जागा घासावी. ब्रेक क्लीनरने मात्र पुसू नये. त्यातील काहींत क्लोरीन असते व ज्योतीपुढे त्याचा जीवघेणा वायू होतो.

कोणी म्हणेल, एसी मशीन महाग आहे. खरे आहे. ज्याला ग्रील आणि गेटच करायचे आहेत त्याने ते मुळीच घेऊ नये. परंतु अ‍ॅल्युमिनियमच्या नावाने पैसे घालायचे असतील, तर पैसे देण्यापूर्वी दुकानातच एक पातळ पत्रा जोडून दाखवायला सांगावे. दुकानदार टाळाटाळ करील तर उठून यावे.

लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला. २५ डिसेंबर २०२० रोजी तेथून डब्याचा पहिला सांगाडा बाहेर पडला. अशा मोठ्या कामाच्या दारात प्रमाणपत्र विचारले जाते, म्हणून आयटीआयचा रस्ता मुलांनी सोडू नये. मात्र त्या नोकऱ्यांची वाट पाहत बसण्यापेक्षा गल्लीतले काम हातात घेणे शहाणपणाचे.

आमचे मत असे की, चार कारागिरांनी मिळून एक चांगले मशीन घ्यावे, हिशोब लेखी ठेवावा, आणि जाणत्या उस्तादाने भंगारातल्या पत्र्यावर शागीर्दांचा हात बसवावा. व्यापाऱ्यांनीही अशा भागीदारीत रक्कम घालण्यास मागेपुढे पाहू नये. आम्ही ठाणावर ठाण रचून वर्षभर गिऱ्हाइकाची वाट पाहतो. येथे तर गिऱ्हाईक तुटलेला भाग हातात घेऊन उभे आहे.