परदेशात हळू, घोडेगावात सुसाट : असे का?

दर उन्हाळ्यात दवाखान्यातले एक काम वाढते. मुला-मुलीकडे अमेरिका, इंग्लंड, दुबई किंवा ऑस्ट्रेलियाला निघालेले आई-वडील तपासणीसाठी येतात. बीपी-शुगरच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, त्यांची चिठ्ठी, विम्याचे कागद असे सगळे बरोबर असते. परत आले की भेटायला येतात, आणि गप्पांत एक गोष्ट हमखास निघते. "डॉक्टर, तिकडे कुणी हॉर्न वाजवत नाही. आमचा मुलगा तर रस्ता मोकळा असला तरी पाटीवरच्या आकड्याच्या वर गाडी नेत नाही."

तोच मुलगा दिवाळीत घरी येतो, पुण्यातून गाडी घेतो आणि नेवासा फाट्यावर उतरताच सांगतो, "अडीच तासांत आलो!" घरचेही कौतुकाने ऐकतात. वाटेत शाळा किती लागल्या, घोडेगावला बाजाराची गर्दी होती का, उसाच्या ट्रॉल्या किती होत्या, हे कुणी विचारत नाही.

माणूस तोच, गाडी चालवायचे कौशल्यही तेच. मग विमानातून उतरताच शिस्त कुठे जाते? "आपली माणसेच बेशिस्त" हे नेहमीचे उत्तर मला पटत नाही, कारण हीच माणसे तिकडे महिनोन् महिने नियम पाळतात. फरक स्वभावात नाही, खात्रीत आहे. वेग वाढवला तर पकडले जाऊ, ही तिकडे खात्री असते. इथे "बघू, काही होत नाही" याची खात्री असते.

तिकडे नेमके काय होते?

इंग्लंडमध्ये वस्तीतल्या रस्त्यावर साधारणपणे ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा असते. काही ठिकाणी ती २० मैल आहे. मर्यादा ओलांडली की किमान १०० पौंड दंड आणि परवान्यावर ३ गुण. तीन वर्षांत असे १२ गुण जमले तर परवाना निलंबित होऊ शकतो. नव्या चालकाचा तर पहिल्या दोन वर्षांत ६ गुणांवरच रद्द होतो. थोडक्यात ओलांडली असेल तर काही वेळा दंडाऐवजी वेगाचे धोके शिकवणाऱ्या वर्गात बसायची मुभा मिळते.

संयुक्त अरब अमिरातीत मर्यादेपेक्षा ताशी ६० किलोमीटरहून जास्त वेग आढळला तर २ हजार दिरहम दंड, १२ काळे गुण आणि ३० दिवस गाडी जप्त. फिनलंडमध्ये गंभीर वेगभंगाचा दंड उत्पन्नावर ठरतो, त्यामुळे "भरून टाकू" असे म्हणणाऱ्या श्रीमंतालाही तो झोंबतो. जर्मनीच्या ऑटोबानवर मर्यादाच नाही असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. बऱ्याच भागात तिथेही मर्यादा आहे, जिथे नाही तिथे ताशी १३० ची शिफारस आहे, आणि गावात शिरले की सर्वसाधारण मर्यादा ५०.

या सगळ्यात दंडाची रक्कम मला दुय्यम वाटते. महत्त्वाचे हे की कॅमेरा ओळखपाळख पाहत नाही, साहेबांना फोन लावता येत नाही, आणि पत्र घरी येतेच. काही रस्त्यांवर दोन कॅमेऱ्यांमधले अंतर तुम्ही किती वेळात कापले यावरून सरासरी वेग काढतात. त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुढे पुन्हा गाडी पळवण्याची युक्तीही चालत नाही. लहान पण चुकवता न येणारी शिक्षा माणसाला वळण लावते. मोठी पण कधीतरीच होणारी शिक्षा माणसाला फक्त पळवाटा शिकवते.

वेगाचे शरीराशी गणित

आता माझ्या विषयाकडे येतो. वेगाला मी वाहतुकीचा नाही, आरोग्याचा प्रश्न मानतो. रक्तदाब, साखर यांच्यासारखाच वेगाचाही एक आकडा असतो, आणि तो वाढला की मृत्यूचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सरासरी वेग १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्के वाढतो. ताशी ५० ऐवजी ६५ किलोमीटर वेगाची मोटार पादचाऱ्याला धडकली तर त्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

कारण साधे आहे. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो. ताशी ५० ने होणारी धडक म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्यासारखे. ताशी १०० ची धडक म्हणजे जवळपास ४० मीटर, म्हणजे बारा-तेरा मजल्यांवरून.

आणखी एक हिशेब पाहा. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत, आणि समोर अचानक मूल आले. मेंदूला ते उमजून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद लागला असे धरू. ताशी ६० ने जाणारी गाडी साधारण ३७ मीटरवर थांबेल. ताशी ८० ची गाडी त्याच जागी आली तेव्हा तिचा वेग अजून ६० च्या आसपासच असेल! पहिल्या गाडीसमोरचे मूल घाबरून रडेल. दुसऱ्या गाडीसमोरच्या मुलाला रुग्णवाहिका लागेल. फरक फक्त २० किलोमीटरचा.

अपघातात एक नाही, तीन धडका होतात. पहिली गाडीची, दुसरी गाडीतल्या माणसाची, आणि तिसरी शरीराच्या आत. गाडी थांबते, शरीर थांबते, पण मेंदू पुढे जाऊन कवटीवर आपटतो. यकृत आणि प्लीहा फाटू शकतात, हृदयातून निघणारी महाधमनी ताणली जाते. बाहेर ओरखडाही नसताना आत रक्तस्राव चालू असू शकतो. सीटबेल्ट आणि एअरबॅग दुसऱ्या धडकेचा जोर कमी करतात, तिसरीपासून पूर्ण वाचवू शकत नाहीत. ज्येष्ठांमध्ये हाडे ठिसूळ असतात. हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर डोक्याचा साधा वाटणारा मारही महागात पडतो.

आणि नेवाशासारख्या ठिकाणी एक गोष्ट विसरू नका. डोक्याला मोठी इजा झाली की रुग्णाला न्यूरोसर्जनपर्यंत न्यायचे म्हणजे अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगर गाठायचे. ज्या तासाला आम्ही 'गोल्डन अवर' म्हणतो, तो तास रस्त्यातच जातो. म्हणून ग्रामीण भागात वेग कमी ठेवणे हाच सर्वांत जवळचा उपचार आहे.

"पण तिकडचे रस्ते चांगले असतात!"

हे मला नेहमी ऐकवले जाते. रस्ता चांगला हवाच, खड्ड्यांचे समर्थन कुणी करू नये. पण रस्ता वाईट असेल तर वेग आणखी कमी हवा, हे साधे तर्कशास्त्र आपण उलटे वापरतो. आपल्या रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली उसाची डबल ट्रॉली असते, बैलगाडी असते, उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल असते, शनी अमावस्येला शिंगणापूरकडे पायी निघालेले भाविक असतात आणि आषाढीच्या आधी दिंड्या असतात. जिथे चुका जास्त, तिथे वेग कमी हवा.

शिवाय रस्ता चांगला झाला म्हणून अपघात आपोआप थांबत नाहीत. आकडे पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ माणसे रस्त्यावर मेली, आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंमागे अतिवेग हे कारण नोंदले गेले. एखाद्या साथीत इतकी माणसे गेली असती तर आपण लस मागितली असती. इथे लस उपलब्ध आहे, आपण टोचून घ्यायला तयार नाही.

"कॅमेरे म्हणजे वसुली"

या तक्रारीत तथ्य नाहीच असे मी म्हणणार नाही. वेगमर्यादेची पाटी झाडामागे लपलेली असेल, मर्यादा अचानक १०० वरून ५० होत असेल, चुकीच्या नंबरप्लेटवर चलन येत असेल, तर लोक चिडणारच. कॅमेरा पिवळा, ठळक आणि आधी सूचना देऊन बसवावा. तक्रार ऐकणारी सोपी व्यवस्था हवी. हे मागणे रास्त आहे, आणि आपण ते केले पाहिजे.

पण कॅमेराच नको, हे मागणे रास्त नाही. माणसाने रस्त्यावर उभे राहून गाड्या अडवण्याला मर्यादा असतात, प्रसंगी धोकाही. १५ ऑक्टोबर २०२३ ला समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ थांबलेल्या ट्रकवर भाविकांची मिनीबस आदळून १२ जण मेले. तो ट्रक आरटीओच्या पथकाने अडवला होता असा आरोप झाला आणि त्या प्रकरणात अधिकाऱ्यांवर गुन्हाही दाखल झाला. कॅमेऱ्याला गाडी अडवावी लागत नाही, रात्री झोप येत नाही आणि तो 'समजून' घेत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून अशी यंत्रणा सुरू झाली आहे. आपल्या अहिल्यानगर-संभाजीनगर रस्त्यावर वडाळा बहिरोबा, घोडेगाव, नेवासा फाटा, प्रवरासंगम अशा वस्तीच्या ठिकाणी ती हवी, हे माझे स्पष्ट मत आहे. लोकअदालतीत तडजोड होईल म्हणून चलने थकवत राहण्याची सवयही मोडायला हवी. औषध अर्धेच घेतले तर आजार बरा होत नाही, दंडाचेही तसेच आहे.

परदेशात गाडी चालवणार असाल तर

जाणाऱ्यांसाठी थोडे कामाचे सांगतो.

• आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना इथूनच, आपल्या आरटीओकडून काढा. तो एक वर्षापर्यंत चालतो. मूळ परवानाही बरोबर ठेवा.

• अमेरिका आणि इंग्लंडमध्ये पाटीवरचा आकडा मैलांत असतो. ७० म्हणजे सुमारे ११२ किलोमीटर.

• भाड्याच्या गाडीचा दंड तुम्ही परत आल्यावरही तुमच्या कार्डावरून वळता होऊ शकतो, वर कंपनीचे शुल्क वेगळे.

• लांबच्या विमानप्रवासानंतर लगेच गाडी चालवू नका. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची चपळता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, असे अभ्यासात दिसले आहे. त्यात वाहतूक उजव्या बाजूने असेल तर आणखी गोंधळ.

• सर्दी-ॲलर्जीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी, गाडीत ग्लुकोज किंवा बिस्किटे ठेवावीत.

• अमेरिकेत शाळेच्या बसचे लाल दिवे लुकलुकत असतील तर थांबा. बस ओलांडून पुढे जाणे हा तिथे गंभीर गुन्हा आहे.

आणि इथे, आजपासून

कॅमेरे येतील तेव्हा येतील. तोवर चार गोष्टी आपल्या हातात आहेत. गावाची पहिली पाटी दिसली की वेग ४० वर आणा. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावा आणि दुचाकीवर दोघांनीही हेल्मेट घाला. घरातून दहा मिनिटे आधी निघा, कारण ६० किलोमीटरच्या प्रवासात ६० ऐवजी ८० चा वेग धरला तरी कागदावर फार तर पंधरा मिनिटे वाचतात, आणि त्यांतली बरीचशी पुढच्या टोलनाक्यावर किंवा ट्रॉलीमागे जातात. चौथी गोष्ट, कुठे अपघात दिसला तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. जखमीला मदत करणाऱ्याला त्रास देता येत नाही, तसे कायद्यातच २०१९ पासून आहे. अपघातग्रस्तासाठी ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या कॅशलेस उपचारांची योजनाही २०२५ मध्ये लागू झाली आहे.

पाचवी गोष्ट घरातल्या मोठ्यांसाठी. परदेशातून आलेला मुलगा, किंवा गावातलाच भाचा, "इतक्या वेळात आलो" असे सांगू लागला तर कौतुक करू नका. "एवढी घाई कशाला केलीस रे?" असे विचारा. आपल्याकडे कॅमेऱ्याच्या आधी आई-वडिलांची नजर होती. तिची भीती अजून पूर्ण गेलेली नाही. ती वापरा.