विज्ञानकट्टा : विझवल्यावरही धगधगणारी चूल

दोस्तांनो, हवा का तापते आहे यावर लिहिलं तेव्हापासून टपालात एकच प्रश्न वेगवेगळ्या अक्षरांत येतो आहे. कोळसा जाळला की धूर होतो, कार्बन डायऑक्साइड होतो. अणुभट्टीत तर काहीच जळत नाही. मग सगळी वीज अणुशक्तीपासूनच का नाही करत? एका दोस्ताने खाली जाड अक्षरांत लिहिलंय, ‘गोल गोल उत्तर देऊ नका!’

बरं, नाही देत. पण वही-पेन्सिल घेऊन बसा, कारण आज हिशेब आहेत.

आधी अणूच्या बाजूने बोलू. ती बाजू खरंच भक्कम आहे. एक किलो युरेनियम म्हणजे केवढं असेल? हा धातू लोखंडाच्या दुपटीहूनही जड. त्यामुळे एक किलोचा गोळा जेमतेम एका टपोऱ्या लिंबाएवढा. आपल्या देशातल्या बहुतेक अणुभट्ट्यांत खाणीतून काढून शुद्ध केलेलं साधं युरेनियमच वापरतात. त्याच्या छोट्या वड्या करतात आणि त्या धातूच्या नळ्यांत भरतात. एवढ्या एका लिंबातून साधारण 48,000 युनिट वीज मिळते. तुमच्या घरी महिन्याला 100 युनिट लागत असतील तर वर्षाला झाली 1,200. करा भागाकार. चाळीस वर्षं! म्हणजे तुम्ही शाळेत, मग कॉलेजात, मग नोकरीत, तुमचे केस पिकायला लागले तरी लिंबू चालूच.

हीच वीज कोळशातून काढायची तर आपल्याकडचा कोळसा युनिटमागे साधारण 650 ग्रॅम लागतो. म्हणजे एकूण 30 टनांच्या वर, दहा टनी ट्रक तीन. आणि धुरांड्यातून वर जाणारा कार्बन डायऑक्साइड 40 टनांहून जास्त. आता कोणीतरी हात वर करणार : ‘काका, 30 टन जाळून 40 टन वायू कसा?’ शाब्बास! कोळशातल्या कार्बनचा एकेक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन-दोन अणू बरोबर घेऊन जातो. वजन वाढतं ते त्यांचं.

आणखी एक गुणाकार. चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट. ते पूर्ण दमाने चोवीस तास चाललं तर दिवसाला 7 कोटी युनिट होतात. याला 650 ग्रॅमने गुणा. 45,000 टन कोळसा, आणि तोही एका दिवसाचा! एक मालगाडी 4,000 टन आणते असं धरलं तर रोज अकरा-बारा गाड्या. त्यातला तिसरा हिस्सा तर राखच होते.

एवढा फरक का? कोळसा जळतो तेव्हा अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची फक्त अदलाबदल होते. युरेनियमचा अणू फुटतो तेव्हा त्याचा गाभाच दुभंगतो, आणि गाभ्यात कोंडलेली शक्ती काही कोटी पटींनी जास्त असते. पुढचं सगळं मात्र अगदी घरगुती आहे. या उष्णतेने पाण्याची वाफ करायची, वाफेने टर्बाइन फिरवायचं, टर्बाइनने जनित्र. चंद्रपूरला हेच होतं आणि पालघर जिल्ह्यात बोईसरजवळच्या तारापूरलाही हेच. फरक फक्त चुलीचा. तारापूरची पहिली दोन युनिटं 1969 साली वीज देऊ लागली. भारतातलं ते पहिलं अणुवीजकेंद्र. खाणकाम, सिमेंट, वाहतूक असं सगळं जमेस धरलं तरी अणुविजेचा कार्बन डायऑक्साइड कोळशाच्या विजेच्या शंभरात जेमतेम दोन भाग भरतो.

तरीही आज भारतात तयार होणाऱ्या दर शंभर युनिटांत अणूची युनिटं आहेत फक्त तीनच्या आसपास. कोळशाची सत्तराच्या वर. आणि विजेची तूट म्हणजे काय ते आई-बाबांना विचारा. 2005 नंतरची काही वर्षं महाराष्ट्रातल्या खेड्यांत दिवसाला दहा-दहा, बारा-बारा तास भारनियमन असायचं. रात्री कंदिलाच्या उजेडात दहावीचा अभ्यास केलेले कितीतरी ताई-दादा तुमच्याच गावात सापडतील.

मग घोडं अडतं कुठे?

पुष्कळांना वाटतं, अणुभट्टी बॉम्बसारखी फुटेल. ते चूक आहे. बॉम्बला लागतं तसं इंधन या भट्टीत नसतंच. खरी अडचण वेगळी आहे, आणि ती समजायला स्वयंपाकघरात जावं लागेल.

गॅसची शेगडी बंद केली की ज्योत गेली, काम संपलं. पण आजीची चूल आठवा. लाकडं बाहेर ओढली तरी निखारे धगधगत राहतात. विसरून वर पातेलं ठेवलं आणि त्यातलं पाणी आटलं, तर पातेलं करपतं. अणुभट्टी ही शेगडी नव्हे, चूल आहे. नियंत्रक कांड्या आत सोडल्या की अणू फुटणं दोन-चार सेकंदांत थांबतं. पण आधी फुटलेल्या अणूंचे तुकडे स्वस्थ बसत नाहीत. ते आपापल्या गतीने बदलत राहतात आणि उष्णता सोडत राहतात. त्यांना थांबवायचं बटण जगात कोणीही बनवलेलं नाही.

किती उष्णता? तारापूरच्या तिसऱ्या युनिटची क्षमता 540 मेगावॅट विजेची. ती करायला भट्टीत सुमारे 1,700 मेगावॅट उष्णता तयार होते. भट्टी बंद केली त्या क्षणी या निखाऱ्यांची उष्णता असते शंभराला सहा-सात, म्हणजे 110 मेगावॅटच्या आसपास. पुढच्या काही तासांत ती झपाट्याने उतरते. पण पूर्ण एक दिवस गेल्यावरही शंभराला अर्धा भाग उरतोच. तुम्ही आंघोळीच्या बादलीत हीटर टाकता ना, 1,500 वॅटचा? तसे पाच हजारांहून जास्त हीटर एकदम चालू आहेत असं समजा. आणि भट्टी तर ‘बंद’ आहे! म्हणून वापरलेलं इंधन बाहेर काढल्यावरही वर्षानुवर्षं पाण्याच्या खोल हौदात ठेवावं लागतं.

तेव्हा भट्टी बंद झाली तरी पाणी खेळतं राहिलं पाहिजे. पाण्याला पंप लागतो, पंपाला वीज. आणि वीज तयार करणारं केंद्र तर बंद! म्हणून बाहेरची वीज, डिझेल जनरेटर, बॅटऱ्या अशी एकामागे एक व्यवस्था ठेवतात. आणि समजा, त्या सगळ्याच एकदम गेल्या तर?

असं आपल्याच देशात झालेलं आहे. उत्तर प्रदेशात गंगेच्या काठी नरोरा नावाचं अणुवीजकेंद्र आहे. 31 मार्च 1993 ची पहाट. साडेतीनच्या सुमारास पहिल्या युनिटच्या टर्बाइनची दोन पाती तुटली. टर्बाइन थडथडू लागलं, जनित्रातला हायड्रोजन बाहेर आला, तेलाच्या नळ्या फुटल्या आणि भडका उडाला. कामावरच्या माणसांनी मिनिटाच्या आत अणुभट्टी बंद केली. पण आगीने विजेच्या केबल गाठल्या. नेहमीच्या विजेच्या आणि आणीबाणीच्या विजेच्या केबल जवळजवळच होत्या, दोन्ही जळाल्या. केंद्रात अंधार झाला. कंट्रोल रूममध्ये इतका धूर भरला की माणसांना बाहेर पडावं लागलं. भट्टीतले आकडे दाखवणारे काटे दिसेनात, पंप थांबले, आणि निखारे तर तापतच होते.

काही जण हातात बॅटरी घेऊन भट्टीच्या इमारतीत वर चढले. त्यांनी हाताने झडपा उघडून बोरॉनचं द्रावण आत सोडलं. बोरॉन न्यूट्रॉन गिळतो, म्हणजे भट्टी पुन्हा पेटण्याची भीती नाही. दुसऱ्या बाजूला, आग विझवायला ठेवलेले डिझेलवर चालणारे पंप सुरू करून त्यांचं पाणी बाष्पकांकडे वळवलं. भट्टीच्या आतलं पाणी मग आपोआपच फिरत राहिलं. गरम पाणी वर चढतं, गार पाणी खाली येतं, तुम्ही भाताच्या पातेल्यात पाहता तेच. सुमारे 17 तास केंद्रात वीज नव्हती. पण इंधन वितळलं नाही, किरणोत्सर्ग बाहेर गेला नाही, कोणाचा जीव गेला नाही. त्या माणसांचं कौतुक करावं तेवढं थोडं. मात्र दोन्ही केबल शेजारी-शेजारी टाकणाऱ्यांना शंभर प्रश्न विचारायलाच हवेत. नंतर दुसऱ्या केंद्रांतही या गोष्टी सुधाराव्या लागल्या.

जपानमध्ये फुकुशिमाला 11 मार्च 2011 रोजी नशीब एवढं चांगलं नव्हतं. प्रचंड भूकंप झाला. चालू असलेल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या, डिझेल जनरेटरही सुरू झाले. इथपर्यंत सगळं पुस्तकाप्रमाणे. पाऊण-एक तासात त्सुनामीची लाट बांधावरून आत आली आणि खालच्या मजल्यावरचे जनरेटर बुडाले. तीन भट्ट्यांमधलं इंधन वितळलं. दीड लाखाच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली. युक्रेनमधल्या चेर्नोबिलची 1986 ची गोष्ट निराळी. तिथे भट्टीची रचनाच सदोष होती, आणि चाचणी करताना नियमही मोडले गेले. त्यावर कधीतरी सवडीने.

कचऱ्याचंही असंच आहे. वापरलेल्या इंधनातला अतिशय किरणोत्सर्गी भाग वितळलेल्या काचेत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात. हे काम तारापूरलाही होतं. त्यातल्या सीझियमचा जोर दर 30 वर्षांनी निम्मा होतो. हजाराव्या हिश्शावर यायला 300 वर्षं. पहिले बाजीराव पेशवे झाले 1720 साली. त्यांच्या कारकिर्दीत कोणी असा डबा भरून ठेवला असता, तर आज कुठे तो जरा निवळला असता! आणि प्लुटोनियम? त्याला निम्मं व्हायलाच 24,000 वर्षं लागतात. कोळशाच्या बाजूने हे बोलत नाही बरं का. त्याचा कचरा डब्यात नसतो, आपल्या नाकात आणि आभाळात असतो.

राहिला वेळेचा आणि माणसांचा प्रश्न. गुजरातमधल्या काकरापारच्या तिसऱ्या युनिटचं काँक्रीट पडायला लागलं 2010 मध्ये, आणि ते रीतसर वीज विकू लागलं 2023 मध्ये. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठवावी लागली. पुनर्वसनाचं भांडण कोर्टात गेलं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला 9,900 मेगावॅटचं केंद्र योजलं आहे. त्याचा फ्रेंच कंपनीशी पहिला मोठा करार झाला 2010 साली, पण 2025 संपेपर्यंत तिथे भट्टीचा पाया पडलेला नव्हता. मच्छीमार विचारतात, केंद्रातून बाहेर पडणाऱ्या कोमट पाण्याने आमचे मासे दूर जातील का? ‘त्यांना विज्ञान कळत नाही’ म्हणून हा प्रश्न उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. पाण्याचं तापमान आणि मासळी यांचा संबंध मच्छीमाराइतका कोणाला ठाऊक असणार?

तर, ‘सगळीच वीज अणूपासून का नाही?’ याचं सरळ उत्तर : तेवढ्या भट्ट्या तेवढ्या लवकर होत नाहीत, आणि प्रत्येक भट्टीमागे कधीही झोपी न जाणारी माणसं लागतात. पण अणुवीज नकोच, हेही मला पटत नाही. सौरऊर्जा स्वस्त झाली आहे, झपाट्याने वाढते आहे, ती वाढायलाच हवी. पण सूर्य संध्याकाळी दुकान बंद करतो, पावसाळ्यात चार-चार दिवस उघडतही नाही. साठवण्याच्या बॅटऱ्या अजून पुरेशा नाहीत. तोपर्यंत रात्रीचा कोळसा कमी करायला अणूची मदत घ्यावी, नरोराच्या आणि फुकुशिमाच्या चौकशीत निघालेली खोट लोकांपुढे उघडी मांडून घ्यावी, असं माझं मत. सरकारने 2047 पर्यंत 1 लाख मेगावॅट अणुविजेचं लक्ष्य 2025 च्या अर्थसंकल्पात सांगितलं. आज आहे त्याच्या दहापटीहून जास्त! तेव्हा तुम्ही पस्तिशीच्या आसपास असाल आणि बिल तुमच्याच नावाने येत असेल.

आता गृहपाठ. घरातलं विजेचं बिल काढा. महिन्याची युनिटं बघा, आणि तुमच्या जन्मापासून आजपर्यंत तुमच्या घराने किती युनिटं वापरली त्याचा अंदाज करा. ती सगळी कोळशाची असती तर किती टन, आणि युरेनियमची असती तर किती ग्रॅम? हिशेबाच्या पायऱ्यांसकट पाठवा. नुसतं उत्तर चालणार नाही.

पुढच्या आठवड्यात केरळच्या किनाऱ्यावर जाऊ. तिथल्या वाळूत थोरियम आहे, आणि डॉ. होमी भाभांनी त्या वाळूवर फार लांबचा डाव मांडून ठेवला होता.